घर फोडलंय आणि पोलीस यायचेत: मधल्या वेळात काय करायचं, काय अजिबात करायचं नाही

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या ऑर्डरी सांभाळून बरीच वर्षं मी पोलिसांच्या बोलावण्यावरनं घटनास्थळाचे फोटो काढायला जायचो. आता त्यांच्याकडंच कॅमेरे आलेत त्यामुळं बोलावणं क्वचित येतं, पण जे बघितलं ते डोक्यातनं जात नाही. मी पोचायच्या आधीच फरशी पुसलेली, कपाटाचं दार शेजारच्या चौघांनी उघडझाप करून बघितलेलं, चहाचे कप त्याच टेबलावर ज्याच्यावर चोरानं ड्रॉवर उपडा केलाय. लोक वाईट नसतात हो, घाबरलेले असतात, आणि घाबरलं की माणूस आवरायला लागतो. मग ठसेतज्ज्ञ दोन तास ब्रश फिरवतात आणि हाताला लागतात ते शेजारच्या काकूंचे ठसे.

म्हणून हे लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, तो सोडू नका.

आधीची तयारी: आज संध्याकाळीच

दागिने पांढऱ्या कापडावर ठेवून प्रत्येकाचा वेगळा फोटो काढा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. साज असेल तर पानं मोजता येतील असा सरळ वरनं काढा. ठुशी, पाटल्या, अंगठ्या यांची मागची बाजू पण घ्या, कारण हॉलमार्कचा सहा अक्षरं-अंकांचा नंबर तिथंच असतो. गुजरीतनं, म्हणजे सराफांच्या गल्लीतनं, घेतलेल्या मालाची बिलं असतील तर त्यांचे फोटो काढा, आणि हे सगळं फक्त घरातल्या लॅपटॉपवर ठेवू नका, चोर लॅपटॉपच नेतो. ईमेलवर टाका किंवा बहिणीकडं, मुलाकडं पाठवून ठेवा. मोबाईलवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की आयएमईआय नंबर, म्हणजे त्या मोबाईलचा स्वतःचा ओळख नंबर दिसतो, तो पण लिहून ठेवा.

दुसरं म्हणजे एक पिशवी. त्यात खडू, टॉर्च, पट्टी, सुतळी, वही-पेन, कोरी कागदी पाकिटं आणि हातमोजांचा एक जोड. ही पिशवी घरात ठेवू नका. गाडीच्या डिकीत ठेवा नाहीतर शेजाऱ्यांकडं, कारण वेळ आली तर घरात जायचंच नाहीय.

टप्पा १: दारातच थांबा

जोतिबाच्या यात्रेवरनं म्हणा, गावाकडच्या लग्नावरनं म्हणा, रात्री परत येता आणि कोयंडा लोंबताना दिसतो. पहिली धाव कपाटाकडं असते, सगळ्यांचीच. तिथंच थांबा. चोर अजून आत असू शकतो, आणि त्याच्या हातात पहार असते, तुमच्या हातात बॅग.

मागं फिरा, रस्त्यावर या आणि ११२ लावा. पत्ता सांगताना नुसतं 'राजारामपुरी' सांगू नका, कितवी गल्ली, कुठल्या देवळासमोर, कोणत्या रंगाचं गेट ते सांगा. चोर आत असल्याची शंका आहे का, कुणी जखमी आहे का, हे न विचारता सांगा. जखमी असेल तर १०८ पण लावा आणि जीव आधी, पुरावा नंतर, यात दुसरा विचार करायचा नाही. जखमीला हलवलंच तर तो कुठं आणि कसा पडला होता तेवढं लक्षात ठेवा. घरात एटीएम कार्ड किंवा मोबाईल राहिला असेल तर बाहेर उभ्या उभ्याच कार्ड आणि सिम ब्लॉक करून घ्या.

वहीत या तीन गोष्टींच्या वेळा लिहा: घर शेवटचं कधी बंद केलं, परत आल्यावर कधी कळलं, फोन कधी केला.

तपासा: तुटलेलं कुलूप कुणी उचललं का? उचललं असेल तर पुन्हा 'जागेवर' ठेवायला जाऊ नका. आता जिथं आहे तिथंच असू द्या आणि कुणी उचललं ते लिहा.

टप्पा २: गर्दी आवरा

आपल्याकडं दहा मिनिटांत अख्खी गल्ली गोळा होते, तालमीची पोरं चपला न घालता धावत येतात. मदतीलाच येतात, त्यांना हाकलू नका, काम द्या. दोघं गेटला उभे राहूदेत, दोघं मागच्या बोळाच्या तोंडाला, एकानं गल्लीत कुणाकुणाचे कॅमेरे आहेत ते बघून यावं. गेटला आडवी सुतळी बांधा. सुतळी दिसली की माणूस आपोआप थांबतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

श्वानपथक येणार असेल तर ही गर्दी सगळ्यात जास्त नडते. कुत्र्याला चोराचा वास ताजा आणि एकटा मिळायला हवा, आणि तिथं वीस माणसं फिरून गेलेली असली की ते बिचारं जनावर गेटपर्यंत येऊन गोंधळतं.

आत जाणं भागच असेल, म्हणजे आत म्हातारी आई आहे किंवा गॅसचा वास येतोय, तर एकानंच जायचं. चोर ज्या वाटेनं गेला असेल ती वाट सोडून, भिंतीच्या कडेनं, आणि त्याच वाटेनं परत. खोलीचा मधला भाग आणि दाराची मधली जागा टाळा, सगळे तिथनंच चालतात, चोर पण.

इशारा: हातमोजे घातले म्हणजे कशालाही हात लावला तरी चालतो असं नाही. तुमचा ठसा उमटणार नाही, पण चोराचा पुसला जाईल. हातमोजे ही परवानगी नव्हे.

आणि जे आधीच आत जाऊन आलेत त्यांची यादी करा, नाव, पायात काय होतं, कशाला हात लावला. लपवालपवी नको. "मी कपाट उघडलं" असं कुणी प्रामाणिकपणे सांगितलं तर तपासाचा अर्धा दिवस वाचतो.

टप्पा ३: हात कुठं लावायचा नाही

गुळगुळीत जागांवर बोटांचे ठसे चांगले मिळतात, म्हणजे कपाटाचा पत्रा, काच, स्टीलचे डबे, सनमायका, टाईल्स, लॉकरच्या ड्रॉवरची आतली बाजू. कागदावर पण मिळतात, पण ते पावडरनं नाही, लॅबमध्ये केमिकलनं काढावे लागतात. त्यामुळं विखुरलेल्या पावत्या, दागिन्यांच्या रिकाम्या डब्या, पाकिटं गोळा करायला बसू नका.

स्वयंपाकघर लोक हमखास विसरतात. चोर फ्रिज उघडतो, पाणी पितो, खातो सुद्धा. ग्लासच्या कडेला, बाटलीच्या तोंडाला, अर्धवट खाल्लेल्या वस्तूला लाळ असते आणि लाळेतनं डीएनए मिळू शकतो. विडीचं थोटूक आणि मावा-गुटख्याची पिचकारी हे पण तसंच, घाण म्हणून पाणी ओतू नका. बेसिन आणि संडास वापरू नका, हात धुवायचेत तर शेजारी जा. आलेल्यांना चहा द्यायचाच असेल तर तो पण शेजारच्या घरातनं.

कळंब्याकडच्या एका घरातला प्रसंग सांगतो. रव्याच्या डब्यात सोनं ठेवतात हे चोराला माहीत असतं, त्यानं सगळे डबे फरशीवर ओतले होते. मी पोचलो तेव्हा फरशी लख्ख. ताईंनी सुपली पुढं केली, त्यात रवा, पोहे, हळद सगळं एकत्र, आणि म्हणाल्या, "मुंग्या लागतील म्हणून भरलं हो, पण त्यात बुटाचा पाय अगदी नक्षीसकट उमटलेला होता." त्यांना तेव्हाच कळलं होतं काय झालं ते. रडायलाच लागल्या. त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

दिवा, पंखा जसा आहे तसा ठेवा, चालू असेल तर चालू. बटण दाबावंच लागलं तर बोटाच्या टोकानं नको, कोपऱ्याला पेननं दाबा आणि पोलिसांना सांगा. देव्हारा विस्कटलेला असेल तर मन लागत नाही, मला कळतं, पण गोमूत्र शिंपडणं, देव उचलून पुसणं हे पंचनामा झाल्यावर.

टप्पा ४: पावलांचे ठसे आणि आपला पाऊस

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात अंगणातला ठसा अर्धा तास पण टिकत नाही. परात, घमेलं, बादली जे हाताला लागेल ते ठशावर उपडं घाला. कड ठशाला टेकता कामा नये, चारी बाजूला बोटभर तरी जागा सुटली पाहिजे, वर वीट ठेवा. पाणी वाहत येत असेल तर वरच्या अंगाला मातीचा छोटा बांध घाला, ठशापासनं लांबनं. प्लास्टिकचा कागद किंवा पोतं थेट ठशावर टाकू नका. त्यानं ठसा चेपतो.

फुलेवाडीत एका आजोबांनी हेच केलं होतं, भर पावसात परसात तीन ठसे आणि त्यावर तीन पराती उपड्या. आम्ही पोचलो तेव्हा वरनं धो धो पडतंय आणि परातीखाली डाव्या पायाची टाच कोरल्यासारखी, टाचेच्या बाहेरच्या कोपऱ्यात रबर तुटून पडलेला तिरका चिरा. बूट बाजारात शेकड्यानं एकसारखे मिळतात, पण चिरा त्याच बुटाला असतो. त्यासाठीच हा खटाटोप.

घरातल्या फरशीवरचे धुळीचे ठसे वरनं बघून दिसतच नाहीत. दारात बसून टॉर्च फरशीला टेकवून आडवा प्रकाश टाका, जिथं काहीच नव्हतं तिथं पावलं उठून दिसायला लागतात. दिसली की खडूनं वीतभर लांबनं गोल करा, पण आत शिरून नाही, हाताला येईल तेवढंच.

पहारीच्या खुणा चौकटीवर, कोयंड्याजवळ असतात. पहार किंवा स्क्रू-ड्रायव्हर अंगणात सापडला तर तो खाचेत घालून 'बसतोय का' बघू नका. तसं केलं की हत्याराचा रंग चौकटीला लागतो, चौकटीचा हत्याराला, आणि नंतर कोर्टात त्या जुळणीला काही अर्थ राहत नाही.

टप्पा ५: फोटो

हे माझं काम, त्यामुळं जरा जास्त लिहितो.

तुम्ही तपासाचे फोटो काढायचे नाहीत, ते पोलीस काढणार. तुम्ही फक्त त्याचे काढायचे जे पोलीस येईपर्यंत टिकणार नाही. चिखलातला ठसा, वाळत चाललेला ओला डाग, वाऱ्यानं उडणारा कागद. बाकी खोल्यांचे दारातनं किंवा खिडकीतनं मिळतील तेवढे बास.

क्रम कायम तोच: लांबचा, मधला, जवळचा. लांबच्यात घर, गेट, रस्ता एकत्र दिसला पाहिजे. मधल्यात ठसा आणि ओळखीची एखादी जागा, समजा तुळशीचा कट्टा, म्हणजे ठसा कुठला ते नंतर कळतं. जवळच्यात फक्त ठसा. नुसते जवळचे फोटो काढणारे फार असतात, आणि मग पंधरा फोटोतला कुठला पुढच्या दाराचा, कुठला परसातला ते त्यांनाच सांगता येत नाही.

जवळचा फोटो आधी पट्टी न ठेवता एक, मग पट्टी ठेवून. पहिला यासाठी की पट्टीखाली काही झाकलं गेलं नाही हे दिसावं. मोबाईल जमिनीला अगदी समांतर धरा, तिरका धरला की ठसा लांबोडका येतो. पट्टी ठशाच्याच पातळीला हवी. सुरुवातीला मी एकदा चिखल लागू नये म्हणून पट्टी शेजारच्या विटेवर ठेवली होती, ठसा दोन इंच खाली आणि पट्टी वर, त्यामुळं माप चुकीचं आलं आणि तो फोटो वाया गेला. आता विटेच्या जागी आधी थोडी माती बाजूला करतो आणि पट्टी खाली बसवतो.

फ्लॅश बंद. समोरनं उजेड पडला की ठशाचा खोलपणा दिसत नाही, तो सपाट वाटतो आणि नक्षी मरते. दुसऱ्याला टॉर्च घेऊन बाजूला बसवा, आडवा उजेड, एक फोटो उजवीकडनं उजेड घेऊन, एक डावीकडनं, एक टाचेकडनं. वाईड लेन्स नको, कडा वाकड्या येतात.

इशारा: फोटो क्रॉप करू नका, फिल्टर लावू नका, खराब आलेला डिलीट पण करू नका. पोलिसांना देताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि तारीख-वेळेची आतली माहिती निघून जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फाईल मोबाईलमध्ये तशीच ठेवा. आणि स्टेटसला अजिबात नाही. काय सापडलंय हे चोराला पण तिथंच कळतं.

टप्पा ६: वस्तू उचलावीच लागली तर

शक्यतो उचलायचीच नाही. पण पाऊस आहे, भटकी कुत्री आहेत, चोराचा टाकलेला रुमाल वाहून चाललाय, तर आधी फोटो, मग दोन माणसांसमक्ष कमीत कमी स्पर्श करून कागदी पाकिटात. प्लास्टिकच्या पिशवीत ओली वस्तू कधीच बंद करू नका. आत दमटपणा धरतो, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. पाकिटावर कुठनं, किती वाजता, कुणी उचललं ते लिहा, पण वस्तू आत टाकायच्या आधी. जिभेनं पाकीट चिकटवू नका, तुमची लाळ लागते.

टप्पा ७: सीसीटीव्ही

डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याची, डिस्क भरली की जुन्यावर नवं रेकॉर्ड होत राहतं, कुणाकडं महिनाभर राहतं, कुणाकडं चार दिवसच. म्हणून शेजाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगा आणि कुणाकडं किती दिवसांचं राहतं ती यादी पोलिसांना द्या. फक्त चोरीच्या रात्रीचं नको, आधीच्या काही दिवसांचं पण बघायला सांगा, कारण चोर आधी टेहळणी करून जातो.

डीव्हीआरचं घड्याळ बरोबर असेलच असं नाही. स्क्रीनवरची वेळ आणि मोबाईलवरची वेळ एकाच फोटोत घ्या आणि फरक लिहा. घड्याळ तेव्हाच दुरुस्त करायला जाऊ नका, सगळा हिशोब बिघडतो.

स्क्रीनचा मोबाईलनं काढलेला व्हिडिओ ओळख पटवायला ठीक, पण कोर्टासाठी मूळ फाईल लागते आणि तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. जुन्या कायद्यात हेच कलम ६५-ब होतं, बरेच जण अजून तेच नाव घेतात. पोलीस सांगतील तसं ते करून घ्या.

टप्पा ८: पोलीस आल्यावर

आता तुमचं काम बाजूला उभं राहणं आणि विचारलं की खरं सांगणं. साधारण क्रम असा असतो की आधी एक अधिकारी फिरून बघतो, कुत्रं आणायचं असेल तर ते लवकर आणतात, मग फोटो, मोजमापं आणि कच्चा नकाशा, मग ठसे, मग वस्तू जप्त करून सील, आणि पंचांसमक्ष पंचनामा. १ जुलै २०२४ पासनं लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, त्यामुळं कुणी शूटिंग करत असेल तर बिचकू नका. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञांनी जागेवर यायचं हे कलम १७६ मध्ये आहे, राज्यांनी ते टप्प्याटप्प्यानं लागू करायचंय. राहत्या घरातल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेव्हा टीम येणार आहे का हे साहेबांना नीट शब्दांत विचारायला हरकत नाही.

घरच्यांचे आणि कामाच्या मावशींचे पण बोटांचे ठसे मागतात. यात अपमान वाटून घेऊ नका, मावशींना पण समजावून सांगा. तुमचे ठसे वेगळे काढले की उरलेले परके, एवढंच कारण. पुढं ते परके ठसे संगणकावरच्या जुन्या गुन्हेगारांच्या ठशांशी ताडून बघतात.

पंचनाम्यावर पंच म्हणून सही करणार असाल तर वाचल्याशिवाय करू नका. दिशा बरोबर आहेत का, चारी बाजूला काय आहे ते नीट लिहिलंय का, जप्त वस्तूंची संख्या जुळते का, पाकिटावर सील आणि लेबल तुमच्यासमोर लागलं का, सुरू आणि संपल्याची वेळ आहे का. काही चुकलं असेल तर तिथंच सांगा. चार वर्षांनी वकील उलटतपासणीत पहिलं तेच विचारतो.

टप्पा ९: फिर्याद आणि मालाची यादी

आधी केलेले दागिन्यांचे फोटो इथं उपयोगी पडतात. वजन माहीत नसेल तर अंदाजे म्हणून लिहा, वाढवून लिहू नका. उद्या मुद्देमाल सापडला आणि तुमचा वर्णनातला साज पाच तोळ्यांचा आणि प्रत्यक्षातला तीन तोळ्यांचा निघाला तर तो तुमचाच हे पटवायला जीव जाईल. नंतर काही आठवलं तर पुरवणी जबाब देता येतो, त्यामुळं घाईत भरमसाट यादी करायची गरज नाही. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घ्याच. मोबाईल गेला असेल तर ती प्रत घेऊन सीईआयआर या सरकारच्या पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करा.

टप्पा १०: आवराआवर

"आता आवरू का?" असं तपास अधिकाऱ्यांना स्पष्ट विचारा आणि हो म्हटल्यावरच सुरू करा. ठशांची पावडर ओल्या फडक्यानं पुसली की काळा चिखल होऊन भिंतीत मुरते. आधी कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, मग साबणाच्या पाण्यानं. तुटलेली चौकट आणि कोयंडा सुताराला दाखवा, नवीन कडी शेजारी मारून घ्या, पण खुणा असलेला लाकडाचा तुकडा रंधून टाकू देऊ नका, लागला तर पोलीस तो कापून सुद्धा नेतात.

आवरताना एका वेळी एकच खोली घ्या आणि दिवसाउजेडी. गादीखाली, कपाटामागं आपलं नसलेलं काही दिसलं, शर्टाचं बटण, बसचं तिकीट, अर्धवट पुडी, तर हात मागं घ्या, आहे तिथंच फोटो काढा आणि त्याच अधिकाऱ्यांना फोन लावा, मग रात्रीचे अकरा वाजलेले असले तरी.